ताईच्या संगणकाचा आवाज

गल्लीत त्याला सगळे काटकसऱ्या म्हणत, आणि त्याला त्याचा कोण अभिमान. लोकांनी अडगळीत टाकलेले संगणक दुकानात आणायचे, त्यांवर लिनक्स नावाची ताजी, फुकट मिळणारी प्रणाली बसवायची आणि लागत नाही ते निर्दयपणे काढून टाकायचं, हा त्याचा धंदा. एवढ्याशा मेमरीत नवी प्रणाली चालायची नाही, असं कोणी म्हटलं की याच्या अंगात यायचं. प्रिंटर नाही ना? मग छपाईची सोय काढली. "रोज काय लागतं, तेवढं सांगा," एवढंच तो विचारी. गिऱ्हाईक जरा अडखळलं की याची कात्री चाललीच म्हणून समजा.

थोरल्या बहिणीचा पंधरा वर्षांचा संगणकही त्याने असाच तरतरीत करून दिला. तिला मात्र त्याने काही विचारलं नाही. सख्ख्या बहिणीला काय विचारायचं?

ताईचा जन्म छापखान्यात मुद्रितांतल्या चुका शोधण्यात गेला होता. तीन महिन्यांनी तो सहज तिच्याकडे गेला, तर संगणकावर फडकं टाकलेलं.

"वाचत नाहीस हल्ली?"

"अक्षरं दिसतात कुठे आता? हाच वाचून दाखवायचा. तू नीट केलास तेव्हापासून मुका झालाय."

"मग बोलली का नाहीस?"

"तू म्हणालास ना, सगळंच धरून बसलं तर चालणार नाही. मला वाटलं, आवाजही त्यातच गेला."

काटकसऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बहिणीचे डोळे इतके गेलेत हे त्याच्या गावीही नव्हतं, आणि उरलेला एक आधार त्याने स्वतःच्या हाताने उपटला होता. त्याने वाचणारा आवाज पुन्हा बसवला. मेमरी गच्च भरली. आवाज शब्दाच्या मध्येच अडके, दोन अक्षरं बोले, गप्प होई. दुपारभर त्याने हे बंद कर, ते बंद कर करून पाहिलं. शेवटी हात टेकले.

"पडद्यावर असतं तरी काय एवढं?" ताईने विचारलं.

"खिडक्या, चिन्हं. मागे समुद्राचं चित्र लावलंय तुझ्यासाठी."

"आणि ते बघतं कोण?"

इतकी वर्षं इतकं काही काढलं, पण पडद्यावरचं चित्रही काढून टाकता येतं हे या डोळसाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याने खिडक्या, चिन्हं, समुद्र, सगळं पुसलं. एक कळ दाबली की पुस्तक सुरू, दुसरी दाबली की बंद, एवढंच ठेवलं. पडदा काळाठिक्कर पडला, मेमरी मोकळी झाली आणि सर्दी झाल्यासारखा एक आवाज न अडखळता वाचू लागला. ताई मान कलती करून ऐकत राहिली. चौथ्या पानावर तिने हात वर केला.

"थांबव. पुस्तकात इथे एक शब्द गाळलाय."

सवयीने तो पडद्यावर वाकला. त्याला काहीच दिसेना. मग त्याने ते वाक्य पुन्हा लावलं आणि डोळे मिटून ऐकलं. शब्द खरंच गाळलेला होता.