गच्च भरलेली बाटली

भट्टीपुढे माणूस जास्त बोलत नाही, म्हणून बहुतेक आमच्या चाकणच्या कारखान्यातल्या फोर्जिंग शॉपमध्ये किस्से साठत जातात. त्यातले निम्मे सुभेदारसाहेबांचे! फौजेतून रिटायर होऊन ते आमचे सेफ्टी ऑफिसर झाले.

उन्हाळ्यात दर वीस मिनिटांनी त्यांची शिट्टी वाजते. हातातलं काम ठेवायचं आणि पाणी प्यायचं. खरं सांगतो, मला त्या शिट्टीचा राग यायचा.

एकदा म्हणालो, "साहेब, तहानच नाही लागली!"

"लागली असती तर माझी शिट्टी लेट झाली म्हणायची!"

* * *

आमचे फोरमन नाना लेकीच्या लग्नासाठी पंधरा दिवस रजेवर होते. परत आले तर साहेबांनी आठवडाभर त्यांना भट्टीपुढे अर्धीच शिफ्ट दिली.

नाना तडकले. "वीस वर्सं झाली मला हितं! मी काय नवा हाय व्हय?"

"तुम्ही जुनेच, नाना. पण पंधरा दिवसांत अंगाची भट्टीची सवय मोडली, ते नवं झालंय. फौजेत रजेवरून आलेला सुभेदारही आठवडाभर रिक्रूटच असतो."

* * *

शिफ्ट सुटताना गेटवर बाटली दाखवायची, रिकामी! आम्ही हुशार. उरलेलं पाणी गेटजवळच्या लिंबाला घालायचो.

महिन्याभराने साहेब त्या झाडाखाली उभे राहिले. "याला काही उष्माघात होत नाही. तुमचं बोला!"

* * *

एकदा जेवणाच्या सुट्टीत ते स्वतःचं सांगत होते. त्यांच्या ट्रेनिंगच्या वेळी सगळं उलटं होतं. पाण्यावाचून चालेल तो पक्का जवान, अशी समजूत. भर उन्हात लांबचा मार्च, कमरेला भरलेली बाटली, पण प्यायची नाही! शेवटी ट्रेनिंग देणारे उस्ताद प्रत्येकाची बाटली कानाशी धरून हलवायचे. आवाज आला की शिक्षा. गच्च भरलेली असली की शाबासकी.

"एका मार्चला मी चोरून दोन घोट प्यालो," साहेब म्हणाले. "पाच चकरा मारायला लावल्या."

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. "पाणी हुकमाने पाजायचं असतं, हे कळायला फौजेला फार वेळ लागला," एवढंच म्हणाले आणि उठले.

* * *

साहेबांच्या टेबलावर खाकी कापडाची जुनी बाटली असते. रोज सकाळी ते ती स्वतः धुऊन भरतात. पीत मात्र कधीच नाहीत.

परवा नानांनी ती कानाशी धरून हलवली. आवाज आला नाही.

"आमची रिकामी पायजे, अन् तुमची गच्च भरल्याली? ह्ये न्हाई चालायचं, साहेब!"

साहेबांनी बाटली त्यांच्या हातातून घेतली आणि जागेवर ठेवली.

"माझी नाही, नाना. माझ्या ट्रेनिंगमधल्या जोडीदाराची आहे. त्या मार्चला शाबासकी त्याला मिळाली होती. शेवटचीच."