अर्ध्या शटरमागची बरंयनाबाई

आमच्या गल्लीत एकदा वावडी उठली की, संशोधन केंद्रातली बाई दर गुरुवारी भरदुपारी सलूनच्या अर्ध्या ओढलेल्या शटरमागे न्हाव्याचा हात हातात घेऊन बसते. वावडी समोरच्या शिंप्याने उठवली. शिंपी माप घेताना चुकेल, पण असल्या बाबतीत त्याची नजर चुकत नाही. मीही ती चार घरी पोचवली, खोटं कशाला बोलू!

बाईचं काम असं. हात थरथरणाऱ्या माणसांसाठी केंद्राने मनगटावर बांधायचा एक जड पट्टा तयार केला होता. खर्च एका धर्मादाय ट्रस्टचा. साठ जणांना पट्टे आणि रोजची नोंद लिहायला वह्या दिलेल्या. बाईने घरोघर जाऊन फरक पडला का ते विचारायचं आणि वर्षाअखेरीस ट्रस्टला निष्कर्ष कळवायचे. दारातूनच ती इतकं गोड हसून "आता बरंय ना?" म्हणायची की तिचं नावच बरंयनाबाई पडलं. साठपैकी सत्तावन्न जणांच्या वह्यांत सगळं बरं होतं. केंद्राच्या साहेबांनी खुशीत येऊन अहवाल आधीच लिहून ठेवला होता.

त्या सत्तावन्नांतलाच एक न्हावी. त्याच्या वहीवर शेवटची सही घ्यायला बाई सलूनमध्ये गेली, तर पट्टा आरशाशेजारच्या खिळ्यावर. त्यात दोन कंगवे खोचलेले.

"हा इथे कधीपासून?"

न्हावी वस्तरा पुसतच राहिला. "दुसऱ्या दिवसापासून, बाई. तो बांधलेला बघून गिऱ्हाईक खुर्चीतून उठतं हो."

"आणि वहीत रोज लिहिलंत, पट्टा घातला, हात छान!"

"तुम्ही उन्हातान्हातून यायच्या, एवढ्या मायेने विचारायच्या. नाही कसं म्हणणार? तुमचं तोंड एवढंसं झालं असतं."

बाईने मनातल्या मनात हिशोब केला. ह्याने भिडेपोटी लिहिलं, तर बाकीच्या छप्पन्न जणांचं काय?

तिथून गुरुवार सुरू झाले. दुपारी गिऱ्हाईक नसताना न्हावी शटर अर्धं ओढायचा. बाई पट्टा बांधून, मनगट धरून, घड्याळ लावून थरथर मोजायची. मग पट्टा सोडून पुन्हा. विचारायचं काही नाही, हसायचं तर मुळीच नाही. असे सहा गुरुवार.

घरी नणंदेने सुरुवात केली. "वहिनी, वेणी तर होती तेवढीच दिसते. सलूनमध्ये कापून काय घेता?"

"नाकं कापतो तो. तुमचा नंबर पुढच्या गुरुवारी लावलाय."

नवऱ्याने तोंडाने काही विचारलं नाही. फक्त त्या सलूनची पायरी चढायची नाही म्हणून दाढी वाढवली. जेवताना निम्मी आमटी तिच्यातच राहायची.

साहेबांनी सहा गुरुवारांचे आकडे बघून डोक्याला हात लावला. "बाई, हे ट्रस्टला कळवलं तर पुढच्या महिन्यात आपण दोघं घरी! आणि तेही एका न्हाव्यावरून?"

"न्हाव्यावरून कुठे, माझ्या हसण्यावरून. उद्या हा पट्टा सहाशे जणांना बांधाल, साहेब. तेही बरंयच म्हणतील."

ट्रस्टच्या फॉर्मात फायद्याचे अकरा रकाने होते, फसल्याचा एकही नव्हता. बाईने 'इतर' मध्ये लिहिलं: 'एकाचा हात मोजला, पट्ट्याने फरक नाही. बाकीच्यांनी माझं मन राखलं असावं. विचारण्यात चूक माझी.' साहेबांनी पाणी पिऊन सही केली. बाईने टेबलाच्या खणातला आपला कप आणि छत्री पिशवीत भरली.

दहा दिवसांनी ट्रस्टच्या सेक्रेटरीबाईंचा फोन आला. "तुमचं 'इतर' वाचलं आणि बाकीच्या संस्थांचे अहवाल पुन्हा उघडले. सगळीकडे सगळे बरेच आहेत हो!"

पट्टे वाटणं थांबलं. साठही जणांना नव्याने मोजायला एक वर्ष मिळालं. कप परत खणात गेला, आणि आता बाई मनगट धरते, साहेब घड्याळ धरतात. नवऱ्याने दाढी त्याच सलूनमध्ये काढली. हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं, तरी विचारल्यावर "बरंय" म्हणाला.

शिंप्याने पाहिलं ते खरंच होतं. बाई दर गुरुवारी न्हाव्याचा हात धरायची. तो पट्ट्यासकट जेवढा थरथरायचा, तेवढाच पट्ट्याशिवाय थरथरायचा.