मागून घेतलेला अर्धा तास

ताई माझ्याहून वयाने बरीच लहान. पण परिषदेच्या इमारतीत पहारेकऱ्यापासून चहा देणाऱ्यापर्यंत सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. आम्ही दोघं दुभाषी. सभागृहाच्या मागच्या भिंतीत काचेची एक खोली होती. तिथे शेजारीशेजारी बसून परदेशी भाषणं आपल्या भाषेत सांगायची, अर्धा तास तिने, अर्धा तास मी. आमच्या धंद्यात 'ते म्हणतात' असं म्हणायचं नसतं. बोलणारा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. राग त्याचा, थापा त्याच्या, तोंड आपलं. मला त्याचं कधी काही वाटलं नाही, पोटापाण्याचा उद्योग आहे. ताई मात्र जीव ओतून बोलायची. तिच्या तोंडून एखादा नाठाळ मंत्रीसुद्धा भला माणूस वाटायचा, आणि त्यावरून मी तिला भरपूर चिडवायचो.

तिचा धाकटा भाऊ मासेमारीच्या बोटीवर होता. किनाऱ्याजवळचं पाणी तापत गेलं तसे मासे दूर सरकले, आणि त्यांच्यामागे बोटीही गेल्या, कुठल्याच देशाची हद्द नाही अशा खोल समुद्रात. तिथे एका वादळात त्याची बोट बुडाली. जागा कळली, पण वर काही आलं नाही. पोरगा तळाशी निजला आहे, अशी आईने मनाची समजूत घातली होती. पुढे कानावर आलं की त्याच भागातला तळ धातूंसाठी खरवडणार आहेत. तेव्हापासून म्हातारीचं एकच मागणं, "त्याला तिथे तरी निवांत पडू द्या."

म्हणून परिषदेपुढे आलेल्या समुद्राच्या करारात ताईचा जीव अडकला होता. खोल समुद्राचे काही पट्टे कायमचे राखून ठेवायचे, तिथे खोदकाम नाही, मोठी जाळी ओढणं नाही. तळाच्या गाळात युगानुयुगं कार्बन साठलेला आहे, तो ढवळाल तर हवा आणखी तापेल, असं शास्त्रज्ञ घसा कोरडा होईपर्यंत सांगत होते. त्या पट्ट्यांत भावाचाही पट्टा होता. सगळे देश राजी आहेत, आता फक्त माना डोलवायच्या उरल्यात, असं जो तो म्हणत होता.

त्या दिवशी ताईने आईला प्रेक्षकांच्या सज्जात आणून बसवलं आणि तिच्या कानांना हेडफोन लावून दिला. मग मला म्हणाली, "काका, तो पट्टा येईल तेव्हाचा अर्धा तास मला द्याल? आईला ही बातमी माझ्या तोंडून कळू दे."

मी म्हटलं, "घे बाई. नाहीतरी माझ्या आवाजात गोड बातमीसुद्धा नोटीस वाटते."

पट्टा आला. अध्यक्षांनी विचारलं, कोणाची हरकत? एका कोपऱ्यात कोणीतरी आपल्या देशाच्या नावाची पाटी उभी केली. तिथे सगळ्यांची संमती लागते, एक अडला की सगळंच अडतं. तो गृहस्थ अगदी शांतपणे बोलू लागला, आणि त्याच्यामागोमाग ताई.

"आमची हरकत आहे. आम्ही त्या तळाची पाहणी केली आहे. तिथे राखण्यासारखं काही नाही. तिथे कोणीही नाही. नुसता चिखल आहे."

मी तिच्यापुढे हात केला, माइक इकडे दे म्हणून. तिने नकारार्थी मान हलवली. वाक्य अर्ध्यावर सोडणं तिला जमलंच नसतं. सवयीने आवाजही तसाच लागला होता, समजावणारा, भल्या माणसाचा. मला त्या गृहस्थाची गचांडी धरावीशी वाटत होती, पण काचेमागून कोण कोणाला धरणार? पट्टा वगळला गेला आणि अध्यक्ष पुढच्या विषयाकडे वळले. सज्जात म्हातारीने हेडफोन काढून मांडीवर ठेवला होता.

सभा उठल्यावर ती जिन्यापाशी उभी होती. ताई धावतच गेली. "आई, ते माझे शब्द नव्हते गं. तो माणूस बोलत होता."

"कळतं मला," आई म्हणाली. "पण परक्याने सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. तू किती समजावून सांगितलंस."

ताई तिथेच पायरीवर बसली आणि हमसून हमसून रडू लागली. आई कष्टाने तिच्याशेजारी टेकली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"रडू नकोस," ती म्हणाली. "मला पटलंय. तिथे कोणी नाही."