खालून पाहिलेली पट्टी

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. मुलगी विमानदुरुस्ती शिकते, हे सांगताना आई अजूनही मध्येच थांबते. वडील स्वारगेटच्या डेपोत मेकॅनिक आहेत. तिसऱ्या वर्षाला मी विमानतळावर उमेदवारी करत होते. त्या दुपारबद्दल लिहायला मला अवघड जातंय, कारण त्यात माझी चूक आधी येते.

विमानातला प्रत्येक बिघाड त्याच दिवशी दुरुस्त होत नाही. उड्डाणाला धोका नसेल, तर दुरुस्ती नियमानेच काही दिवस पुढे ढकलता येते. तिची नोंद होते, मुदत ठरते. त्या विमानाच्या डाव्या पंखावर, वरच्या बाजूला, एका जोडातलं फट बुजवणारं सीलंट निघालं होतं आणि त्यावर ॲल्युमिनियमची चंदेरी चिकटपट्टी लावली होती. अट एवढीच, की दर उड्डाणाआधी ती जवळून पाहायची. मी पाहून यायचं, मग सरांनी, म्हणजे आमच्या इंजिनिअरांनी, स्वतः खात्री करून सही करायची. पण चार दिवस पट्टी जागची हलली नव्हती. सर माझ्या ‘ठीक’वरच सही करू लागले होते.

पाचव्या दिवशी शिडी दुसऱ्या विमानाला लावलेली होती. मी थोडं मागे सरकून टाचा उंचावल्या. उन्हात काहीतरी चकाकलं. मी जाऊन म्हणाले, “ठीक आहे, सर.” सरांनी सही केली.

थोड्या वेळाने कॅप्टन नोंदवही हातात घेऊनच खाली आले. प्रवाशांची बस निघायच्या बेतात होती.

“पट्टी वर चढून कोणी पाहिली?”

“कॅप्टन, ती पट्टी आहे,” सर म्हणाले. “टीव्हीवरची मालिका नाही, रोज बघायला.”

कॅप्टन हसले नाहीत. “एकेक गोष्ट चालते, हे मलाही मान्य आहे. पण आज या विमानात अशा पुढे ढकललेल्या तीन आहेत. वहीत त्या तीन वेगळ्या पानांवर आहेत. वर गेल्यावर तिन्ही एकदमच माझ्याबरोबर असतात.” मग ते माझ्याकडे वळले. “तू पाहिलीस? वर चढून?”

सर माझ्याकडे पाहत होते. माझा उमेदवारीचा अहवाल त्यांच्याच हातात होता, आणि त्याशिवाय मला परीक्षेला बसता येणार नव्हतं. ‘हो’ म्हटलं असतं तर पाच मिनिटांत प्रवासी चढू लागले असते. तोंडात ‘हो’ आलंही होतं.

मला वडिलांच्या डेपोतली एक रीत आठवली. ज्याने ब्रेकचं काम केलं, त्याने बस बाहेर काढताना पहिल्या फेरीला त्याच बसमध्ये बसायचं. मी काही या विमानात बसणार नव्हते.

“नाही,” मी म्हणाले. “खालून पाहिली. शिडी नव्हती.”

सर ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. “आणा शिडी, मॅडम,” एवढंच म्हणाले.

ते स्वतः चढले. मी शिडी धरून उभी होते. मग पत्र्यावर नख घासल्यासारखा बारीक आवाज आला.

“पुढची कड सुटलीय,” ते म्हणाले. “बोटभर.”

पुढची कड म्हणजे वाऱ्याच्या तोंडाची. वेगात वारा आधी तिथेच शिरतो. पट्टी काढली, जागा पुसली, नवी लावली. कॅप्टन सगळा वेळ उन्हात उभे होते. जाताना त्यांनी मला शाबासकी दिली नाही. शिडीकडे पाहिलं आणि वर गेले.

“तुमच्या ‘ठीक’पायी विमानाला पाऊण तास उशीर झाला,” सर नंतर म्हणाले. “अहवालात काय लिहू?”

“झालं ते लिहा, सर.”

“मग माझी सहीपण लिहावी लागेल.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी दोन्ही लिहिलं. आम्हा दोघांनाही वरून बोलावणं आलं. माझी परीक्षा सहा महिने पुढे गेली.

घरी वडील हातपाय धुऊन नुकतेच बसले होते. मी सगळं सांगितलं. खरं बोलले, हे जरा जास्तच सांगितलं असावं. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

“म्हंजे पट्टी सुटलेली हाय, हे तुला ठाऊक नव्हतं.”

“नव्हतं.”

“मग आधी सरांना ठीक हाय म्हणून कशाच्या जोरावर सांगितलंस?”

आई ताटं घेऊन आली. वडील उत्तराची वाट पाहत होते, आणि जेवायला सुरुवात करत नव्हते.