अठरावा झेल

एझेल थार्पच्या तळहातांबद्दल त्याच्या बायकोनं, व्हर्लीननं, एकदाच विचारलं होतं. रोज सकाळी तो कॉलेजच्या मैदानावर एकटा जाऊन यायचा आणि न्याहारीला बसला की तळहात लालभडक, कुणी छड्या मारल्यासारखे. चेंडू मात्र घरीच दारामागं पडलेला असायचा.

"हात कशानं सोलले रे?"

"सवयीनं," तो म्हणाला. तिनं पुढं विषय काढला नाही.

हार्मन बेंड गावच्या त्या लहानशा कॉलेजातच एकविसाव्या वर्षी एझेलनं अमेरिकन फुटबॉलच्या एका सामन्यात सतरा झेल घेतले होते. असा विक्रम सबंध मिसिसिपीत कुणाच्या नावावर नव्हता. चेंडू फेकणारा होता त्याचा जिवलग दोस्त रॉस्को डिल. लहानपणी सरकी काढायच्या यंत्रात रॉस्कोच्या तर्जनीचं पेर तुटलं होतं, त्यामुळं त्याचा चेंडू डुगडुगत, फर्र फर्र करत यायचा. बाकीचे झेलणारे त्याच्या नावानं बोटं मोडायचे. एझेलला तो आवाज पुरायचा. दोघांचा डाव ठरलेला: एझेलनं पाच पावलं पळायचं, गर्रकन वळायचं, हात उघडे ठेवायचे. तो वळायच्या आधीच चेंडू निघालेला असायचा.

"मी तुझ्याकडं बघतच नाही, चिकट्या," रॉस्को चिडवायचा. "रिकाम्या जागेत फेकतो. तू तिथं असणारच, जातोस कुठं!"

विक्रमाच्या संध्याकाळी नदीकाठी मासे तळताना एझेलला थोडी चढली होती. "रॉस्को, हा विक्रम कुणाला मोडू द्यायचा नाही हं."

"मी आहे तोवर नाही मोडू देत, जा."

"आणि नसलास तर?"

रॉस्को हसला. "तरी नाही."

पुढच्या वसंतात नदीला पूर आला आणि रॉस्कोची होडी उलटली. पाचव्या दिवशी त्याचं प्रेत सापडलं.

एझेल उत्तरेकडच्या एका व्यावसायिक संघात दोन वर्षं खेळला, गुडघा घालवून बसला आणि कोच होऊन गावी परतला. पहिल्याच सकाळी मैदान रिकामं बघून त्याला हुक्की आली. पाच पावलं गेला, वळला, हात उघडले. फर्र! तळहात झणझणले. चेंडू कुठंच नव्हता. एझेल गवतात बसून ढसाढसा रडला, आणि खरं सांगायचं तर ते रडणं आनंदाचं होतं. त्यानंतर तीस वर्षांत त्यानं एक सकाळ चुकवली नाही.

पण त्याच तीस वर्षांत त्याचे तीन खेळाडू सतरा झेलांपर्यंत पोचले आणि अठरावा कुणालाच मिळाला नाही. पहिल्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. दुसऱ्याचा डोळा गेला. तिसरा पाच पावलं गेला आणि वळलाच नाही, तसाच पळत मैदानाबाहेर गेला. "कोच, माझ्या कानात कुणीतरी बोललं," तो म्हणाला. "वळू नकोस म्हणालं." त्यानं पुन्हा चेंडूला हात लावला नाही.

"रॉस्को राखण करतोय," न्हावी गिऱ्हाइकांना सांगायचा. गावाला काय, चघळायला मिळालं की झालं. एझेल हसण्यावारी न्यायचा. पण त्याला ठाऊक होतं. रॉस्कोला पुरे म्हटलं तर सकाळचे झेलही जातील, या भीतीनं तो मूग गिळून बसला. तीन पोरांची आयुष्यं नासली त्या भीतीपायी. तो वाईट माणूस नव्हता, पण हे पाप त्याचंच.

मग आला टेव्हियन मॅब्री. नोव्हेंबरातल्या शेवटच्या शनिवारी, दुपारच्या लख्ख उन्हात, त्याचे सतरा झेल झाले. प्रेक्षकांत शेंगा खाणाऱ्यांचे हातसुद्धा थांबले. कुंपणापाशी त्याची आई उभी होती.

"काढा त्याला बाहेर, कोच. सतरा पुरेत. मला एकच पोरगा आहे."

"मला नका बसवू, कोच," टेव्हियन धापा टाकत म्हणाला. "दोन गुणांनी मागं आहोत आपण. आणि मी नाही भीत."

"भीत नाहीस, तेच तर वाईट आहे."

एझेलनं पोराच्या गळपट्टीकडं बघितलं, डोळ्यांकडं बघितलं. मग तो बाकाच्या टोकाशी गेला. रॉस्कोच्या त्या जागी कधीच कुणी बसायचं नाही.

"रॉस्को," तो हळूच म्हणाला, "मी दारूच्या भरात बोललो होतो रे. तू शब्द पाळलास, मीच हलकट निघालो. आता पुरे कर. या पोराला दे."

बाकाची फळी करकरली, कुणी उठल्यासारखी.

परत येऊन त्यानं टेव्हियनच्या पाठीवर थाप मारली. "पाच पावलं. वळ. हात उघडे."

डाव सुरू झाला. चेंडू फेकणाऱ्या केल्विनला दोघा आडदांडांनी खाली दाबलं. संपलं, असं सगळ्यांना वाटलं. टेव्हियन पाच पावलं गेला, वळला. त्या ढिगाऱ्यातून चेंडू निघाला, डुगडुगत, फर्र फर्र करत, आणि त्याच्या हातांत जाऊन बसला.

मैदान दणाणलं. टेव्हियनची आई कुंपणावरून उडी मारून आली. केल्विन मात्र पांढराफटक पडला होता.

"कोच, तो मी नाही फेकला. माझ्या हातातून कुणीतरी काढून घेतला. त्याचं बोट... बोट आखूड होतं."

"ठाऊक आहे," एझेल म्हणाला. "जा, पाणी पी."

सोमवारी सकाळी तो मैदानावर गेला. पाच पावलं, वळला, हात उघडे. बराच वेळ तसाच उभा राहिला. पलीकडं गवत कापायचं यंत्र सुरू झालं, तेव्हा घरी आला.

व्हर्लीननं न्याहारी पुढं ठेवली आणि त्याचे हात बघितले. मग शेजारी बसून तिनं ते आपल्या हातांत घेतले.

"गार पडलेत रे," ती म्हणाली.