साक्षीची वेळ

भांडी घासायला रबरी हातमोजे चढवले की त्या वासासरशी मला अंबरनाथच्या चर्चमधला एक रविवार आठवतो. पप्पांनी आनंदनगरच्या कारखान्यातली ऑफिसरची नोकरी सोडून पाळकपण पत्करलं होतं, आणि घर चालावं म्हणून आई त्याच कारखान्यात पॅकिंगला लागली होती. तिथल्या हातमोज्यांचा वास साबणाने घासूनही तिच्या बोटांवरून जात नसे. त्या दिवशी बाप्तिस्मा होता. हौद काठोकाठ भरला होता आणि वरचे पत्रे तापले होते. पप्पांनी नेहमीसारखी आपल्या पाचारणाची, म्हणजे प्रभूने सेवेला बोलावल्याची, साक्ष दिली, "मी नोकरीवर पाणी सोडलं, पण प्रभूने आमच्या घरची चूल एक दिवसही विझू दिली नाही." मंडळी आमेन म्हणाली. मग रिवाजाप्रमाणे त्यांनी विचारलं, "अजून कोणाला साक्ष द्यायचीय?" मागच्या बाकावरून आई उठली. "मला बोलायचंय. त्या चुलीबद्दलच," ती म्हणाली. पप्पा छान हसले. "बसा, भगिनी. वेळ झालीय. आपण गीत घेऊ या." स्वतःच्या बायकोला ते भगिनी म्हणाले आणि कोणाला काही वाटलं नाही. पेटी सुरू झाली. आई बसली, आणि सगळ्यांबरोबर गायलीसुद्धा. गेल्या महिन्यात आईच्या अंत्यविधीला पप्पांनी तीच साक्ष दिली, चुलीसकट. नंतर सवयीने विचारलं, "अजून कोणाला बोलायचंय?" मी उठले. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पेटीवाल्याला खूण केली.