गल्लीत मावतील तेवढेच

माझ्या काकूशी वाद घालण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं. भिंत निदान उलट उत्तर देत नाही. काकू शर्टांना काज-बटणं करते. खिडकीत बसून, दोरा दातांनी तोडता तोडता, गल्लीतल्या प्रत्येकाला शिस्त लावते.

काका गेले ते याच गल्लीतल्या एका सभेत. दोन्ही टोकांनी माणसं घुसली, मधल्यांना श्वास घ्यायला जागा उरली नाही. नंतर काकूने कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी न्यायाधीशांनी सांगितलं, सभा घेणं हा नागरिकांचा हक्कच आहे; पण या गल्लीत ठरावीक संख्येपेक्षा जास्त माणसं नकोत आणि एक बाजू मोकळी हवी. तेव्हा आम्हीही टाळ्या वाजवल्या होत्या.

मग गल्लीतला दवाखाना बंद करायचा हुकूम निघाला. काकूचं इन्सुलिन तिथेच मिळायचं. दुसरा दवाखाना दोन बस बदलून. मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून आम्ही रीतसर परवानगी काढून सभा ठेवली. अख्खी वस्ती लोटली. मला तर आनंदाने रडूच यायचं बाकी होतं. आणि ही बाई? स्टुलावर चढून लोकांना परत पाठवायला लागली!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, आजच्या दिवस तरी गप्प बस! एकत्र जमायचं स्वातंत्र्य आहे आपल्याला!"

"आहे ना. मी कुठे नाही म्हणतेय? ए, मागचे, घरी जा बरं! आणि तुम्ही बाळाला घेऊन आत कशाला शिरताय?"

बंदोबस्ताचा हवालदार भिंतीला टेकून हसत होता. त्याचं काम फुकटात होत होतं.

साहेब आले, गाडीची काच अर्धी खाली केली, "एवढेच लोक?" म्हणाले आणि काच वर केली. महिनाभरात दवाखान्याला कुलूप लागलं.

परवा काकूला दुसऱ्या बसमध्ये चढवताना मी फणफणलो, "मिळालं समाधान? गर्दी दिसली असती तर आज ही वणवण नसती."

"मलाही चीड येते रे. तुझ्यापेक्षा जास्त येते." दांडा धरून ती दम खात उभी राहिली. "पण त्या दिवशी कुणाची बायको रात्रभर दाराशी वाट बघत बसली नाही."